बीटीओचं 'ब्लू कॉलर': आवाज खाली आणून वाजवायचं गाणं

प्रश्न असा आला होता: "सर, अडीच वर्षं इलेक्ट्रिक गिटार शिकतोय. बॅकमन-टर्नर ओव्हरड्राइव्ह (बीटीओ) या बँडचं 'टेकिन केअर ऑफ बिझनेस' कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं, पोरं नाचली. आता सत्तरच्या दशकातल्या कॅनडाच्याच एखाद्या रॉक बँडचं असं गाणं सांगा, जे फारसं कुणी वाजवत नाही पण वाजवायला हवं. आणि का वाजवायचं तेही सांगा."

तू 'सर' म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

दुसरा बँड शोधायची गरजच नाही. ज्यांचं गाणं तू गॅदरिंगला वाजवलंस, त्यांच्याच पहिल्या अल्बमवर, पहिल्या बाजूला तिसरं गाणं आहे 'ब्लू कॉलर'. साल १९७३, लांबी सहा मिनिटांहून थोडी जास्त. लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकन बिलबोर्ड यादीत ते ६८व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि उतरलं. वर्षा-दीड वर्षात याच मंडळींची भलीमोठी गाणी आली आणि हे मागे पडलं ते पडलंच. कॅनडाच्याच रश या बँडचं एखादं दडलेलं गाणं मला सांगता आलं असतं, पण रशच्या चाहत्यांनी त्यांचं काही दडलेलं ठेवलेलंच नाही.

बीटीओ म्हटलं की काय आठवतं? जाडजूड गिटार, फ्रेड टर्नरचा खरखरीत गळा आणि पाय आपटायला लावणारा ठेका. 'ब्लू कॉलर'मध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. गिटार स्वच्छ आहे, ठेका हलका आहे, आणि तोच टर्नर, ज्याला ओरडायलाच ठेवलाय असं इतर गाण्यांत वाटतं, तो इथे शेजारच्या खुर्चीवर बसून बोलल्यासारखा गातो. गाणं त्याचंच आहे, लिहिलंही त्यानेच.

हे गाणं या बँडने करावं यातली गंमत कळायला त्यांची आधीची गोष्ट माहीत हवी. रँडी बॅकमन विनिपेगचा, जन्म १९४३चा. 'द गेस हू' या बँडचा तो गिटारवादक. 'अमेरिकन वुमन' १९७० साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याच वर्षी हा गडी बँडमधून बाहेर पडला. रँडी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा, दारू-सिगारेटपासून लांब. दौऱ्यावरचं बाकीच्यांचं राहणीमान त्याला मानवत नव्हतं. मग त्याने 'ब्रेव्ह बेल्ट' नावाचा बँड काढला, थोडा कंट्रीकडे झुकणारा, शांत. फ्रेड टर्नर त्यात आला आणि धाकटा भाऊ रॉबी ड्रम्सवर होता.

तर हा ब्रेव्ह बेल्ट ओंटारिओतल्या थंडर बे गावी एका कॉलेजात वाजवायला गेला. लोक बसून गप्पा मारत राहिले. आयोजक वैतागला, उरलेले दिवस तुम्हाला नको म्हणाला. पण ऐनवेळी बदली बँड मिळेना, तेव्हा त्यानेच परत बोलावलं आणि अट घातली की नाचता येईल असं वाजवा. यांनी लोकांच्या ओळखीची गाणी जोरात वाजवली आणि हॉल उठून नाचायला लागला. रँडीने ही गोष्ट मुलाखतींत सांगितली आहे: लोक ज्यावर बोलू शकतात ते संगीत आणि लोकांना खुर्चीतून उठवतं ते संगीत, यातला फरक त्या दिवशी डोळ्यांसमोर दिसला. तिथून बँडने दिशा बदलली.

मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलंय, त्यामुळे त्या आयोजकाचा चेहरा मला न बघताही दिसतो. हातात कागद, कपाळावर आठ्या, "जरा फास्ट घ्या ना राव." असा माणूस एकदा भेटला की पुढची दहा वर्षं तुम्ही हळू वाजवायला घाबरता. आणि यांना तर तो अगदी सुरुवातीलाच भेटला होता.

त्यानंतर त्यांनी नवं नाव घेतलं. आडनावं पुढे आणि मागे 'ओव्हरड्राइव्ह', जे विंडसर गावात नजरेस पडलेल्या ट्रकवाल्यांच्या एका मासिकाचं नाव. रेकॉर्ड कंपन्यांनी दारं लावून घेतली. रँडी सांगतो, २६ नकार आले. गेस हूच्या गाण्यांचे पैसे येत होते त्यावर हा संसार चालला होता. शेवटी मर्क्युरी कंपनीच्या चार्ली फॅचने होकार दिला. आता विचार कर. थंडर बेचा धडा ताजा, २६ नकार पाठीशी, खिसा रिकामा होत चाललेला, आणि पहिल्याच अल्बमवर तिसऱ्या नंबरला हे लोक सहा मिनिटांचं असं गाणं ठेवतात ज्यावर कुणी नाचू शकत नाही. आधीची दोन गाणी दणकट आहेत. म्हणजे ऐकणारा उठून उभा राहिलाय आणि तिसऱ्या गाण्याला त्याला म्हणताहेत, बस जरा.

मला हे गाणं आवडायला लागलं ते या धाडसामुळे. सूर वगैरे नंतर कळले.

आता नावाकडे ये. आपल्याकडे 'पांढरपेशा' हा शब्द आहे, अगदी मुरलेला. त्याच्या समोरच्या माणसाला मात्र आपण कपड्यांवरून नाव दिलं नाही; त्याला कामगार म्हटलं, कष्टकरी म्हटलं. इंग्रजीत दोघांनाही कॉलरवरून ओळखतात, एकाची पांढरी, दुसऱ्याची निळी. आणि गंमत ऐक: तू वाजवलेलं 'टेकिन केअर ऑफ बिझनेस' मुळात पांढऱ्या कॉलरचं गाणं आहे. रँडीने ते गेस हूच्या दिवसांत 'व्हाइट कॉलर वर्कर' या नावाने लिहिलं होतं. न्यू यॉर्कमध्ये रेकॉर्डिंग करताना तिथला एक तंत्रज्ञ रोज लोकल पकडून कामावर यायचा, त्याच्यावरून सुचलं. बँडमधल्या बाकीच्यांना ते पटलं नाही, कारण धृपद बीटल्सच्या एका गाण्यासारखं वाटत होतं. काही वर्षांनी व्हँकुव्हरच्या एका क्लबात टर्नरचा गळा बसला, रँडीला स्वतः गायची वेळ आली, आणि रेडिओवरच्या एका निवेदकाच्या तोंडून त्याच सुमारास ऐकलेलं वाक्य त्याने त्या जुन्या गाण्याच्या धृपदात बसवलं. तिथून पुढचं तुला माहीत आहे.

म्हणजे एकाच बँडकडे दोन गाणी आहेत: एक सकाळची गाडी पकडणाऱ्याचं, दुसरं रात्रपाळी करणाऱ्याचं. पहिल्यात वादक नोकरदाराला चिडवतो, की बघ, मी कसा मजेत आहे. ते चिडवणं जगभर गाजलं. दुसऱ्यात रात्रपाळीवाला दिवसपाळीवाल्याशी बोलतो, पण चिडवत नाही. तो एवढंच म्हणतो, की मत बनवायच्या आधी माझं जग एकदा बघून जा. पहाटे चारला ते जग कसं स्तब्ध असतं, हवा कशी ताजी असते, ते सांगतो. त्यात तक्रार नाही, घोषणा नाही, कामगारांच्या गाण्यात हमखास येणारा घाम नाही. उलट हा माणूस त्या वेळी जागा असल्याबद्दल खूश आहे. तिसरी पाळी केलेल्या कुणाशी बोललास तर कळेल, पहाटे चारबद्दल ती माणसं अशीच बोलतात. पिंपरीच्या कारखान्यात आयुष्य काढलेले माझे काका पहाटेच्या चहाबद्दल जितकं बोलायचे तितकं बोनसबद्दलही बोलले नाहीत.

नाव ट्रकवाल्यांच्या मासिकाचं, सगळी प्रतिमा दणकट कामगाराची. पण खरोखर त्या माणसाबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा या लोकांनी आवाज खाली आणला.

आता गिटारबद्दल, कारण तू विचारलंस ते त्यासाठी.

या गाण्यात रँडीची गिटार जाझच्या सुरांत बोलते. हेवी रॉक वाजवणाऱ्याकडे हे सूर आले कुठून? याचं उत्तर लेनी ब्रो. हे नाव लिहून ठेव. जन्म १९४१, अमेरिकेतल्या मेन राज्यात. आईवडील दोघंही कंट्री गायक. १९५७च्या सुमारास हे कुटुंब विनिपेगला आलं आणि तिथल्या रेडिओवर, दौऱ्यांवर वाजवायला लागलं. रँडी तेव्हा शाळकरी पोर. त्याने ऐकलं तेव्हा त्याला वाटलं दोन गिटार वाजताहेत. वाजवत होता एकटा लेनी, अंगठ्याने बास आणि बाकी बोटांनी धून, कंट्री गिटारवादक चेट ॲटकिन्सच्या पद्धतीने. रँडी त्याच्या घरी जाऊन बसायला लागला, शाळा बुडवून. पुढे लेनी कंट्रीतून जाझमध्ये गेला, एकाच वेळी कॉर्ड आणि सोलो वाजवायची त्याची जी रीत आहे तिला आजही गिटारवाले हात जोडतात. १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये त्याचा खून झाला; त्याचा छडा आजवर लागलेला नाही. रँडीने नंतर स्वतःची छोटी कंपनी काढून लेनीची जुनी ध्वनिमुद्रणं बाहेर आणली. गुरुदक्षिणा म्हणतात ती हीच.

ही शिकवणी रँडीच्या गाण्यांत अधूनमधून डोकं वर काढते. गेस हूचं 'अनडन', १९६९. मग 'ब्लू कॉलर', जे टर्नरचं आहे पण गिटार रँडीची. आणि १९७५च्या 'हेड ऑन' अल्बमवरचं 'लुकिन आउट फॉर नंबर वन'. ही तीन ओळीने ऐक. एकाच माणसाची दुसरी वही आहे ही. जाहीर वही वेगळी होती.

(थोडं विषयांतर. रँडीच्या तरुणपणची नारिंगी ग्रेट्श गिटार, चेट ॲटकिन्सच्या नावाचं मॉडेल, १९५७ची, सत्तरच्या दशकात टोरांटोतल्या एका हॉटेलातून चोरीला गेली. पंचेचाळीस वर्षं तो ती शोधत होता. शेवटी एका चाहत्याने, चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या धर्तीवर, लाकडावरच्या रेषा-गाठी जुळवून तिचा पत्ता काढला: ती जपानमधल्या एका वादकाकडे होती. १ जुलै २०२२ला टोकियोत दोघांनी तशाच दुसऱ्या गिटारशी अदलाबदल केली. गिटारवाल्यांच्या चकाट्यांत ही गोष्ट निघाली की अर्धा तास जातो, म्हणून इथेच थांबतो.)

आता वाजवायचं कसं. कॉर्डचा तक्ता मुद्दाम देत नाही. नेटवर मिळतील त्यांतल्या बऱ्याच तक्त्यांत सेव्हन्थ आणि नाइन्थ (कॉर्डला जाझचा रंग देणारे जास्तीचे स्वर) गाळून साध्या मेजर-मायनर लिहिलेल्या असतात, आणि तशा वाजवल्या की हे गाणं शाळेच्या प्रार्थनेसारखं वाटायला लागतं. कानाने काढ. आधी फक्त बासचा स्वर शोध, मग त्यावर गिटार कुठला स्वर धरून बसलीये ते बघ. आठवडा लागेल. लागू दे.

मी पहिल्यांदा हे गाणं वाजवलं तेव्हा जी चूक केली ती तू करू नकोस. समोर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे आवाज जाड आणि खरखरीत करणारा पेडल, डोक्यात बीटीओ हे नाव, आणि सवयीने खाली दाबलेला पाय. आमचा बास वाजवणारा दोन मिनिटं सहन करून थांबला आणि म्हणाला, "पहाटेचे चार वाजलेत ना रे गाण्यात? मग तू कुणाला उठवतोयस?" त्याच्याइतकं चांगलं मार्गदर्शन मला या गाण्याबद्दल नंतर कुणी केलं नाही.

पेडल काढून ठेव. ॲम्पचा गेन खाली, गिटारवरचा व्हॉल्यूम सहा-सातवर, नेक पिकअप, टोन किंचित मागे. पहिल्यांदा आवाज अगदीच मवाळ वाटेल, अंगावर कपडे नसल्यासारखं वाटेल. डिस्टॉर्शन आपल्या किती चुका झाकत होतं ते त्या दिवशी कळतं. स्वर लवकर मरतो, त्यामुळे तो कधी सोडायचा हे तुला ठरवावं लागतं. आजवर ते ॲम्प ठरवत होता. रँडीचा तो लांबच लांब टिकणारा जाड आवाज तरी कुठून यायचा? विनिपेगच्याच गार गिलीजने त्याच्यासाठी 'हर्जोग' नावाचं यंत्र बनवून दिलं होतं, गार्नेट ॲम्पवाला तोच. 'अमेरिकन वुमन'ची गिटार त्यातली. 'ब्लू कॉलर'मध्ये तो आधार बाजूला ठेवलाय.

कॉर्ड पूर्ण सहा तारांवर धरू नकोस. वरच्या, म्हणजे पातळ तीन-चार तारा पुरे. खालचा स्वर बासवाल्याचा आहे, त्याच्या ताटात हात घालू नये. आणि तारा सतत खाजवू नकोस. आपल्याकडे गायकामागे हार्मोनियमवाला साथ करतो ती आठव. चांगला साथीदार प्रत्येक मात्रेवर बोलत नाही. गायकाने श्वास घेतला की तेवढ्या जागेत दोन स्वर टाकतो आणि परत मागे सरकतो. टर्नर ओळ संपवतो तिथे गिटार काय करते ते ऐक, आणि ओळ चालू असताना काय करत नाही तेही ऐक.

लय. गाणं हळू आहे म्हणजे सोपं आहे असं समजू नकोस. जलद गाण्यात गर्दी तुला ढकलत नेते, इथे प्रत्येक मात्रा उघडी पडते. मेट्रोनोम अर्ध्या वेगावर लाव आणि त्याचा टिकटिकाट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतोय असं धरून वाजव. पहिले दोन दिवस डोकं फिरेल. रॉबी बॅकमनचे ड्रम्स त्यासाठी लक्ष देऊन ऐक. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. वीस वर्षांच्या रॉक ड्रमरला सहा मिनिटं हात आवरून धरायला सांगणं म्हणजे काय, ते तुझ्या ग्रुपमधल्या ड्रमरला विचार. रॉबी २०२३च्या जानेवारीत गेला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचा भाऊ टिमही, जो या अल्बमवर दुसरी गिटार वाजवतो.

सोलो. गाण्याचा बराच भाग त्यातच जातो आणि लोक नेमके तिथेच उठून जातात. तू मात्र वाजवायच्या आधी तो गाऊन काढ. खरंच गा, ला-ला करून, बेसूर झालं तरी चालेल. जो टप्पा गाता येत नाही तो बोटांना पाठ होईल, पण वाजवलास की पाठांतरासारखाच वाटेल. गाताना तुला कळेल की रँडी वाक्यं बोलतोय: एक प्रश्न, थांबा, उत्तर. पॉवर कॉर्ड वाजवणाऱ्याला या थांब्याची भीती वाटते. माझे निम्मे विद्यार्थी तिथे हमखास एखादा बेंड (तार ओढून चढवलेला सूर) कोंबतात.

दोष सांगितले नाहीत तर तू म्हणशील सर भक्त आहेत. शब्दांत एक-दोन ओळी यमकासाठी ओढूनताणून आणल्यात. आणि माझ्या कानाला सोलो शेवटाकडे थोडा त्याच गल्लीत फिरत राहतो. एखादं आवर्तन कमी असतं तर बरं झालं असतं. लेनी ब्रो त्या जागी काहीतरी असं करून गेला असता की आपण तोंडात बोट घातलं असतं. रँडी लेनी नाही, हे तोही जाणतो. पण ट्रकवाल्यांच्या नावाच्या बँडमध्ये, १९७३ साली, गेन उतरवून तो तिथे उभा राहिला. टर्नरने तर स्वतःची ओळखच बाजूला ठेवली. खरखरीत गळ्याच्या माणसाने खालच्या आवाजात गाणं किती कठीण आहे ते तुमच्या ग्रुपच्या गायकाला दोन कडवी गायला लावलीस की दिसेल. जोर काढून घेतला की त्याचा सूर डळमळायला लागेल. टर्नरचा डळमळत नाही, आणि वर तो बासही वाजवतोय.

पुढच्या गॅदरिंगला वाजवायचं असेल तर सरळ सांगतो: पहिल्या नंबरला नको, शेवटी तर मुळीच नको. दोन दणकट गाण्यांनंतर तिसरं वाजवा, त्यांनी ठेवलं तसं. पोरं नाचायची थांबतील, दोन-चार जण चहाला जातील, मागून कुणीतरी ओरडेल. वेग वाढवू नका. तालमीला बसाल तेव्हा बास वाजवणाऱ्या पोराला आधी चहा पाज आणि त्याचा ॲम्प तुझ्यापेक्षा एक घर वर ठेव.